वीटभट्टीपासून ऑलिम्पिकपर्यंत : मांडव्याच्या अविनाश साबळेची धाव

ज्यांच्या घरात आजोबांनी, चुलत्यांनी किंवा भावाने महार रेजिमेंटमध्ये नोकरी केली आहे, त्यांना १ ऑक्टोबर ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. १९४१ साली याच दिवशी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली.

बरोबर ८२ वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२३ रोजी, चीनमधील हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धा चालू होत्या. ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत एक भारतीय धावपटू बाकीच्यांना बराच मागे टाकून एकटाच पुढे निघाला होता. ८ मिनिटे १९.५० सेकंदांत त्याने शर्यत संपवली आणि सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेतला नवा विक्रमही त्याच्या नावावर लागला. या शर्यतीत आशियाई सुवर्ण मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष. त्याचे नाव अविनाश मुकुंद साबळे. गाव मांडवा, तालुका आष्टी, जिल्हा बीड. पलटण ५ महार.

हा तारखेचा योगायोग आहे, त्यात चमत्कार काही नाही. आपण चमत्कार मानणारी माणसेही नाही. परंतु या दोन १ ऑक्टोबरच्या मध्ये एक सरळ रस्ता आहे. तो रस्ता कोणी बांधला, त्यावरून कोण धावले आणि आपल्या मुलाबाळांसाठी तो आज किती मोकळा आहे, हे वाचकांपुढे मांडावे असे आम्हाला वाटते.

सहा किलोमीटरची शाळा

अविनाशचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. आईवडील थोडी शेती करत आणि वीटभट्टीवर राबत. बीड जिल्ह्यातल्या माणसाला या एका वाक्यात सगळे घर दिसते. आष्टी, पाटोदा, शिरूर हा भाग पावसाच्या भरवशावरचा. पाऊस गेला की हातातले कामही जाते. मग कोणी वीटभट्टी गाठतो, कोणी मुकादमाकडून उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकतो आणि बायकापोरांसह कारखान्याच्या रस्त्याला लागतो. भट्टीवर पहाटे अंधारात चिखल तुडवायचा, साच्यात विटा थापायच्या, ऊन चढेपर्यंत कंबर सरळ करायची नाही. ज्या घरात आई आणि बाप दोघेही असे राबतात, त्या घरातली मुले स्वतःच उठतात आणि स्वतःच शाळेला निघतात.

अविनाशची शाळा घरापासून सुमारे सहा किलोमीटरवर होती. जायला वाहन नव्हते. सहा-सात वर्षांचा असल्यापासून तो कधी चालत, कधी धावत शाळेत जाई आणि तसाच परत येई. त्या काळी तो धावपटू नव्हता आणि कोणी त्याला शिकवतही नव्हते. शाळेला उशीर होऊ नये म्हणून धावणारा तो एक मुलगा होता. असे मुलगे आणि मुली आपल्या जिल्ह्यात आजही आहेत.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घेतली पाहिजे. एवढी ओढाताण असूनही त्याच्या आईवडिलांनी त्याची शाळा सोडवली नाही. तो बारावीपर्यंत शिकला आणि बारावी झाली म्हणूनच पुढे लष्कराच्या भरतीला उभा राहू शकला. पुढे त्याच्या गळ्यात जी पदके पडली, त्यांतले पहिले श्रेय त्या भट्टीवरच्या मायबापांचे आहे.

ज्या दरवाजातून तो आत गेला

अविनाश लष्करात भरती झाला तो महार रेजिमेंटमध्ये. हा दरवाजा उघडा कसा झाला, हे आपल्या नव्या पिढीला माहीत असले पाहिजे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत ते होते आणि तिथला विजयस्तंभ आपण सर्वांनी पाहिलेला आहे. लष्करी नोकरीमुळे गावकीच्या बाहेर पडता येई, पगार मिळे, मुलांना अक्षर ओळखता येई. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला, हे आपल्या लेकरांनाही पाठ आहे.

मात्र १८९० नंतरच्या काही वर्षांत इंग्रज सरकारने लढाऊ जाती आणि बिगर लढाऊ जाती अशी वर्गवारी करून महारांची भरती बंद केली. ज्यांनी रक्त सांडले त्यांनाच लढण्यास नालायक ठरवले गेले. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध सरकारकडे अर्ज केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनीही अर्ज-विनंत्यांचा धडाका लावला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडूनही टाकली. गरज असली की बोलवायचे आणि गरज सरली की हाकलायचे, असा तो न्याय होता.

१९४१ साली बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली. तेथे त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली. १९४६ साली ती मशिनगन रेजिमेंट झाली. मध्य प्रदेशातील सागर येथे तिचे केंद्र आहे. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे देशाचे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. श्रीलंकेत १९८७ साली धारातीर्थी पडून परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे ८ महारचे.

आणखी एक गोष्ट आम्हाला अभिमानाने सांगावीशी वाटते. या रेजिमेंटच्या नावात महार शब्द असला, तरी आज तिच्यात देशातल्या सर्व भागांतले, सर्व जातीधर्मांचे जवान आहेत. ज्यांना जातीमुळे बाहेर ठेवले होते, त्यांच्या नावाच्या पलटणीत आज कोणालाही जात विचारून बाहेर ठेवले जात नाही. आम्हीही अविनाशची जात विचारत नाही. तो कष्टकऱ्यांचा पोर आहे आणि बाबासाहेबांनी झगडून उघडलेल्या दरवाजातून तो आत गेला, एवढे आम्हाला पुरेसे आहे. बाबासाहेबांची लढाई फक्त एका जातीसाठी होती असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते?

बर्फ, वाळवंट आणि मग मैदान

भरती झाल्याबरोबर अविनाश धावपटू झाला असे नाही. २०१३-१४ मध्ये तो सियाचीनला होता. तिथे थंडी उणे ५० अंशांपर्यंत उतरते आणि दोन पावले टाकली तरी दम लागतो. त्यानंतर राजस्थानचे वाळवंट आणि मग सिक्कीम. तीन-चार वर्षांत या मुलाने देशातली सर्वांत कडक थंडी आणि सर्वांत कडक ऊन अंगावर घेतले.

२०१५ मध्ये सोबत्यांच्या आग्रहाने तो लष्कराच्या क्रॉसकंट्री शर्यतीत, म्हणजे माळरानावरून लांब पल्ल्याच्या धावण्यात उतरला. तिथे त्याची चमक दिसली. पुढे दुखापत झाली, सराव बंद पडला आणि वजन भलतेच वाढले. खेळ संपला असे अनेकांना वाटले असते. त्याने थोड्या महिन्यांत सुमारे २० किलो वजन उतरवले आणि पुन्हा धावायला लागला. लष्कराचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला हेरले आणि २०१७ मध्ये तो स्टीपलचेसकडे वळला. तेव्हा त्याचे वय २२ च्या पुढे गेले होते. या वयात आपल्याकडे पोराने कामधंदा सोडून धावायला लागावे म्हटले, तर घरचे काय म्हणतील ते सांगायला नको. अविनाशला ते ऐकावे लागले नाही, कारण महिन्याचा पगार चालू होता. दोन वेळचे जेवण, बूट, डॉक्टर आणि प्रशिक्षक यांची चिंता पलटणीने वाहिली होती.

ही शर्यत आहे तरी काय?

स्टीपलचेस हा शब्द आपल्याला नवखा आहे. इंग्लंड-आयर्लंडकडे पूर्वी एका गावच्या चर्चच्या उंच मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत घोडे पळवण्याची पैज लागे. वाटेत कुंपणे, दगडी भिंती, ओढे जे येईल ते ओलांडायचे. त्या मनोऱ्याला तिकडे स्टीपल म्हणतात. पुढे घोड्यांच्या जागी माणसे धावू लागली आणि भिंती-ओढे मैदानातच तयार केले गेले.

पुरुषांच्या शर्यतीत ३,००० मीटर अंतरात २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे साधारण कमरेला लागेल इतका. साध्या अडथळ्याच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा आडवा होतो. इथला जड ओंडका हलत नाही, पाय लागला तर माणूसच आडवा होतो. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब असतो. अडथळ्यापाशी तो खोल असतो आणि पुढे उथळ होत जातो. जो लांब उडी घेतो तो कमी भिजतो. दमलेला माणूस जवळ पडतो, जास्त भिजतो आणि ओल्या बुटांनी पुढची फेरी धावतो. दम, ताकद, उडी आणि डोके या चारही गोष्टी ज्याच्याजवळ असतील त्याचेच हे काम.

अविनाशचा वेग समजण्यासाठी आपल्या ओळखीचे माप घेऊ. त्याच्या सर्वोत्तम वेळेच्या वेगाने, वाटेतले अडथळे न काढता, त्याच्या शाळेचे सहा किलोमीटर अंतर सव्वासोळा मिनिटांच्या आसपास पार होईल.

एकामागून एक विक्रम

गोपाल सैनी यांचा या शर्यतीतला राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून अबाधित होता. ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा तो विक्रम अविनाशने २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंदांत मोडला. ३७ वर्षांत जे कोणाला जमले नव्हते, ते स्टीपलचेसकडे वळून दीड वर्षही झाले नसताना त्याने केले.

२०१९ मध्ये दोह्याच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळाले. त्याच वर्षी दोह्यातच जागतिक स्पर्धा झाली. प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूंमुळे त्याला अडखळावे लागले आणि तो मागे पडला. भारतीय पथकाने तक्रार केली, ती मान्य झाली आणि अविनाशला अंतिम फेरीत जागा मिळाली. तिथे त्याने ८ मिनिटे २१.३७ सेकंद वेळ देऊन तेरावा क्रमांक मिळवला आणि ऑलिम्पिकची पात्रताही गाठली. अन्याय झाला तर नियमाच्या चौकटीत राहून दाद मागायची आणि संधी मिळाली की कामाने उत्तर द्यायचे, ही शिकवण आपल्या चळवळीला परकी नाही.

२०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याने ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला, तरी अंतिम फेरी हुकली. आपल्या देशात सर्वांत पुढे असणे आणि जगात पुढे असणे यांतले अंतर त्याला त्या दिवशी मोजता आले.

अमेरिकेत सराव, जगभर शर्यती

त्यानंतरचा त्याचा बराचसा सराव अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे स्कॉट सिमन्स या प्रशिक्षकाकडे झाला. हे शहर समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरहून उंच आहे. उंचावर हवा विरळ असल्याने शरीर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवते आणि खाली येऊन धावताना त्याचा फायदा होतो. मे २०२२ मध्ये अमेरिकेतच त्याने ५,००० मीटरमधला बहादूर प्रसाद यांचा १९९२ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढच्याच महिन्यात मोरोक्कोतील रबात येथे त्याने स्टीपलचेसची वेळ ८ मिनिटे १२.४८ सेकंदांवर आणली.

परदेशी खेळाडू पोट कसे भरतात, हे इथे सांगितले पाहिजे. अमेरिकेत बास्केटबॉलचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखे. तिथल्या काळ्या वस्त्यांतली हजारो गरीब मुले या खेळाच्या जोरावर कॉलेजात शिष्यवृत्ती मिळवतात. पण तिथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत ३० संघ आहेत आणि निवडीच्या दोन फेऱ्यांत दरवर्षी साधारण ६० खेळाडूंचेच नाव लागते. बाकीच्यांतले अनेक जण बॅग उचलतात आणि युरोपात जातात. चेंडू पुढे नेणारा, संघाला खेळवणारा जो चपळ गडी असतो त्याला गार्ड म्हणतात. असा गार्ड एक हंगाम स्पेनमध्ये, दुसरा तुर्कस्तानात, तिसरा ग्रीस किंवा इटलीत खेळतो. करार बहुधा एका-दोन हंगामांचा. गुडघा दुखावला की पुढच्या कराराचे खरे नाही. पगार मिळतो, पण घर मागे राहते, भाषा परकी असते आणि दर उन्हाळ्यात नवा मालक शोधावा लागतो. हंगाम संपला की पुढच्या उचलीची वाट पाहणे म्हणजे काय, हे आपल्या ऊसतोड्यांना समजावून सांगायला नको. रक्कम वेगळी, देश वेगळा, काळजी मात्र तीच.

अविनाशही देशोदेशी धावला. परंतु त्याच्या पाठीशी कायमची नोकरी होती. एका शर्यतीत हरला म्हणून त्याची चूल विझणार नव्हती. आमच्या मते त्याच्या निर्भय धावण्याचे एक रहस्य येथे आहे.

पापणी लवण्याआधी

६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेतली स्टीपलचेस झाली. स्टीपलचेस म्हणजे केनियाची मक्तेदारी. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियानेच नेली होती. त्या केनियाच्या धावपटूंमध्ये बीड जिल्ह्याचा हा मुलगा शेवटच्या अडथळ्यानंतर मुसंडी मारत निघाला. अब्राहम किबिवॉट ८ मिनिटे ११.१५ सेकंद, अविनाश साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंद! अंतर एका सेकंदाच्या विसाव्या भागाचे. माणसाची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. सुवर्ण हुकले, पण केनियाची भिंत फुटली. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

२०२३ मध्ये हांगझोऊला स्टीपलचेसचे सुवर्ण मिळवल्यानंतर तीनच दिवसांनी त्याने ५,००० मीटरमध्ये रौप्यपदकही घेतले. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीग शर्यतीत त्याने ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. महिन्याभरात त्याच शहरात ऑलिम्पिक झाले. या शर्यतीच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष ठरला आणि ८ मिनिटे १४.१८ सेकंदांसह अकरावा आला. मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे त्याने आशियाई अजिंक्यपदाचे सुवर्णही जिंकले.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत मात्र तो पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला. गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि सप्टेंबरची जागतिक स्पर्धा गेली. खेळाडूच्या आयुष्यात असे दिवस येतातच. तथागतांच्या शिकवणीत वीर्य ही एक पारमिता आहे. वीर्य म्हणजे हाती घेतलेले काम सर्व सामर्थ्याने तडीस नेणे. पडल्यावर उठणे हा त्याचाच भाग आहे.

बाळू पालवणकरांची आठवण

अविनाशची कहाणी वाचताना आम्हाला बाळू पालवणकर आठवतात. चर्मकार समाजातल्या या थोर गोलंदाजाने पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात तुटपुंज्या पगारावर नोकरी केली. सरावात साहेबांना गोलंदाजी करता करता त्यांचा हात तयार झाला. हिंदूंच्या संघाला जिंकण्यासाठी ते हवे होते. मैदानात चेंडू त्यांच्या हातातून चालत असे, पण मधल्या सुट्टीत चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना पुढे १९२३ मध्ये मिळाले. बाळूंचे आणि बाबासाहेबांचे राजकीय मार्ग नंतर वेगळे झाले, १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. तो इतिहास लपवण्याचे कारण नाही. पण त्यांच्या कपबशीचा अपमान आपल्या सर्वांचा होता, हेही तितकेच खरे.

बाळूंजवळ गुण होता, पण त्यांच्यासाठी दरवाजा अर्धाच उघडला. अविनाशजवळ गुण होता आणि त्याला दरवाजा पूर्ण उघडा मिळाला. दोघांतला फरक नशिबाचा नाही, मधल्या शंभर वर्षांतल्या संघर्षाचा आहे.

आपल्या घरात काय करता येईल?

आता आपल्याकडे पाहू. आपल्या वस्तीतली किती मुले रोज दोन-चार किलोमीटर चालतात, ओढे ओलांडतात, झाडावर चढतात, डोक्यावर हंडे वाहतात! त्यांच्या अंगात ताकद आहे. नाही ती सलग शाळा आणि योग्य वेळी मिळणारी संधी.

पहिली गोष्ट, मूल तोडीला नेऊ नका. फडावरच्या कोपीत राहिलेल्या मुलाची चार-पाच महिन्यांची शाळा बुडते आणि एकदा तुटलेली शाळा बहुधा तुटतेच. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आहे. निघण्याआधी मुख्याध्यापकांकडे आणि समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. एकट्याने गेल्यास दाद लागत नसेल तर दहा घरांनी मिळून जा.

दुसरी गोष्ट, शालेय स्पर्धेत मुलांना उतरवा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या आहेत आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात त्यांची माहिती मिळते. मिळालेले प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत, सातबारा आणि जातीच्या दाखल्याबरोबर जपून ठेवा. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कागद हरवला की हक्कही हरवतो.

तिसरी गोष्ट, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची आणि लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीची चौकशी करा. लहान वयातल्या गुणी मुलांना तिथे राहणे, जेवण, शिक्षण आणि सराव एकत्र मिळतो. ही चौकशी आता जास्त गरजेची झाली आहे. २०२२ पासून लष्कराची भरती अग्निपथ योजनेतून होते. त्यात नोकरी चार वर्षांची आणि जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्याच्या जवानांना पुढे कायम केले जाते. अविनाशचे पाय ओळखू आले ते भरतीनंतर दोन-तीन वर्षांनी. उशिरा उमलणाऱ्या अशा मुलाला चार वर्षांत तेवढी उसंत मिळेल काय, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. बाबासाहेबांनी उघडलेला दरवाजा अरुंद होत असेल तर आपण गप्प बसून चालणार नाही.

चौथी गोष्ट मुलींची. सातारा जिल्ह्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये याच स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, म्हणजे अविनाशच्या आठ वर्षे आधी! पुढे ती राज्याच्या महसूल खात्यात अधिकारी झाली. तिचा माणदेशही आपल्या बीडसारखाच दुष्काळी. म्हणून मुलगी वयात आली की तिचे पळणे बंद करू नका. तिला बूट घ्या, आणि सोळा-सतराव्या वर्षी तिचे लग्न लावण्याचा विचार मनातून काढून टाका.

माताभगिनींनी एवढेच करावे, धावणाऱ्या मुलाला भाकरीबरोबर उसळ, मूठभर शेंगदाणे आणि गूळ द्यावा, जमेल तेव्हा अंडे द्यावे. महागड्या डब्यातल्या पावडरीवाचून काही अडत नाही.

येत्या जयंतीला

शेवटी तरुण मंडळांना एक सूचना करतो. १४ एप्रिलची वर्गणी आपण मनापासून देतो. रोजंदारी करणारी माउलीही आपला वाटा मागे ठेवत नाही. त्या वर्गणीतला मोठा भाग डीजेच्या भिंतीवर जातो आणि सकाळी कानात दडे बसण्यापलीकडे हाती काही उरत नाही. येत्या जयंतीला त्यातला चौथा हिस्सा बाजूला काढा. पहाटे बुद्धवंदना झाली की विहारापासून शाळेपर्यंत मुलामुलींची शर्यत लावा. पहिल्या तीन मुलांना आणि पहिल्या तीन मुलींना धावण्याचे बूट द्या. वस्तीत कोणी निवृत्त जवान असेल तर त्यांच्या हाती शिट्टी आणि घड्याळ द्या, त्यांच्याइतका शिस्तीचा पंच कुठे मिळणार? जी मुले चमकतील त्यांची नावे वहीत लिहा आणि पावसाळ्यानंतर शालेय स्पर्धा सुरू झाल्या की त्यांना हाताला धरून तालुक्याला न्या.

मांडव्याच्या वाटेवर धावणाऱ्या त्या मुलाला आपण एक दिवस पॅरिसला धावणार आहोत, हे माहीत नव्हते. तुमच्या गल्लीतल्या पोरालाही ते माहीत नाही. ते ओळखण्याचे आणि त्याला वेळेवर दरवाजापाशी नेऊन सोडण्याचे काम मोठ्या माणसांचे आहे.

जय भीम!